छातीवरचे चौतीस दिवस

सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात नागसेन खोब्रागडे बारा वर्षांपासून रोजंदारीवर आहे. त्याचं काम बारीक हातांचं. धान फुलोऱ्यावर आला की सकाळी फुलं उमलायच्या आत बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, बसायचं, लोंबीतलं एकेक फूल चिमट्याने उघडून संकरासाठी आतले पुंकेसर काढायचे, लोंबीवर कागदाची पिशवी चढवायची आणि तिच्यावर तारीख लिहायची. बाकीच्यांना या कामाचा कंटाळा येतो, नागसेनला येत नाही. माणूस मुळातच अबोल. कुणाशी वाकडं नाही, कुणाशी फार सलगीही नाही.

त्याची बायको करिष्मा नेमकी उलटी. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले आणि सोनोग्राफीत जुळं निघालं, तेव्हा तिने अख्ख्या मोहल्ल्यात घरोघरी जाऊन सांगितलं. "एकाची वाट पाहून राह्यलो होतो बाप्पा, दोघं येऊन राह्यले," असं म्हणायची आणि स्वतःच हसायची.

सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले. मग चेहराही सुजला. नागसेनची आई गिरजाबाई म्हणाली, "जुळे हाय, सूज तं येईनच." पुढे तीन दिवस डोकं दुखत राहिलं. डोळ्यांपुढे अंधारी येते असं करिष्मा म्हणाली, तेव्हा कपाळाला बाम चोळला. आशाताईंनी बीपी तपासून घ्या म्हणून दोनदा सांगितलं होतं. बुधवारी जाऊ असं ठरलं, कारण बुधवारी नागसेनला सुट्टी मिळणार होती.

मंगळवारी दुपारी करिष्माला झटका आला. नागसेन बांधीत होता. निरोप घेऊन कुणी धावत आलं, तो तसाच चिखलाच्या पायांनी घरी पळाला. अँब्युलन्समध्ये दुसरा झटका आला. तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन तिला लगेच चंद्रपूरला पाठवलं आणि संध्याकाळी तिथे ऑपरेशन झालं. नर्सने कागदावर त्याची सही घेतली आणि सांगितलं, "पहिली मुलगी, अकराशे चाळीस ग्रॅम. दुसरा मुलगा, नऊशे वीस. दोघंही आत पेटीत आहेत." एक किलो म्हणजे किती हे नागसेनला कळत होतं. एक किलोचं लेकरू म्हणजे काय ते कळत नव्हतं.

करिष्मा शुद्धीवर आली नाही. तिचं मूत्रपिंड काम करेनासं झालं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला नागपूरला हलवलं. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईमाणूसच लागणार, म्हणून गिरजाबाई तिच्याबरोबर गेली. अँब्युलन्सचं दार बंद होताना ती म्हणाली, "तू लेकरायजवळ राह्य." नागसेन म्हणाला, "हो." नंतर पुष्कळ दिवस त्याला वाटत राहिलं, की त्या आठवड्यात त्याने 'हो' शिवाय दुसरा शब्द काढलाच नसावा. डॉक्टर काही विचारायचे, हो. इथे सही करा, हो. समजलं का, हो. समजलेलं काहीच नसायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मुलगा गेला.

डॉक्टरांनी नागसेनला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. फुप्फुसं तयारच झाली नव्हती, आम्ही खूप प्रयत्न केला. नागसेनने मान हलवली. मुलाच्या पायाला एक पट्टी बांधलेली होती, तिच्यावर नाव म्हणून 'करिष्माचे बाळ – २' एवढंच होतं. नर्सने ती सोडवायला हात पुढे केला, तर तो म्हणाला, "राहू द्या." का म्हणाला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

केंद्रातले गुणवंतराव, त्याच्यापेक्षा वयाने मोठे, कामावर त्याच्या शेजारच्या बांधीत असणारे, खबर मिळताच पॅसेंजरने आले. पांढरं कापड त्यांनीच आणलं. दफनभूमीत जागा त्यांनीच विचारली. खड्डा लहानच लागला. गुणवंतरावांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली आणि नागसेनने ओठ हलवायला पाहिलं, पण लहानपणापासून तोंडपाठ असलेले शब्द त्याला आठवेचनात. तो नुसता हात जोडून उभा राहिला. गुणवंतरावांनी एकट्यानेच सगळं म्हटलं. परत येताना त्यांनी रस्त्यावर चहा घेतला, नागसेननेही घेतला. चहा गोड होता एवढं त्याच्या ध्यानात राहिलं.

"रडून घे थोडा," गुणवंतराव म्हणाले.

"येत नाई भाऊ," नागसेन म्हणाला.

पाचव्या दिवशी नवजात बाळांच्या कक्षातल्या दिव्यानी सिस्टरने त्याला हाक मारली. सिस्टर वयाने नागसेनपेक्षा लहान, पण आवाज हुकमी. "पोरगीचा श्वास आता बरा आहे. तिला कुणाच्या तरी अंगाशी ठेवावं लागेल, उघड्या छातीला. आई नाही, आजी नाही. तुम्हीच आहात. शर्ट काढा."

नागसेन इकडेतिकडे पाहू लागला. कक्षात चार-पाच बायका आपापल्या बाळांना घेऊन बसलेल्या होत्या.

"मी?"

"मग कोण? पेटी गरम ठेवते, पण माणसाच्या अंगाची ऊब वेगळी. बाळाला तुमचे ठोके ऐकू आले पाहिजेत. बसा."

त्याने शर्ट काढला. सिस्टरने मुलीला उचलून त्याच्या छातीवर उभं ठेवलं, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला वळवून. वरून एक लांब फडकं त्याच्या पाठीमागून घेऊन घट्ट गुंडाळलं. मुलीच्या नाकात नळी होती, टोपीखाली डोकं मोसंबीएवढं. कातडी इतकी पातळ, की आतल्या शिरा दिसत होत्या. नागसेनने खाली पाहिलं आणि त्याला वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल. काही झालं नाही. आभाळ भरून यावं आणि एक थेंब पडू नये, तसा तो दीड तास बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी ती छातीवर असतानाच यंत्र ओरडू लागलं. सिस्टर दोन ढांगांत आली, फडक्यात हात घालून मुलीच्या तळपायावर बोटाने टिचकी मारली, एकदा, दोनदा. मुलगी दचकली आणि पुन्हा श्वास घेऊ लागली. नागसेन दगडासारखा बसला होता.

"श्वास घ्यायचं विसरतात ही लेकरं," सिस्टर म्हणाली. "आईच्या पोटात श्वास घ्यायचा नसतो न, बाहेर लवकर आली, अजून सवय नाही. विसरली की आठवण करून द्यायची. पुढच्या वेळी यंत्राची वाट पाहू नका. छाती हलते का ते तुम्हीच पाहत जा."

त्यानंतर नागसेन दुसरं काही पाहीनासा झाला. सकाळी दोन तास, दुपारी दोन, पुढे चार-चार तास. मुलीच्या पाठीवर बोट ठेवून तो हलणं मोजायचा. थांबलं की तळपायाला टिचकी. कधी दिवसातून सहा वेळा, कधी दोन वेळा. नळीतून दूध आधी दोन मिली, मग पाच, मग दहा. वजन आधी घटलं, हजारावर आलं, मग चढू लागलं. कक्षातल्या बायकांना सुरुवातीला त्याचा संकोच वाटला, मग त्याही विसरल्या. कुणी त्याच्या डब्यात भाजी वाढू लागली.

एक दिवस नागसेन सिस्टरला म्हणाला, "सिस्टर, एक विचारू का?"

"विचारा."

"मले काहीच वाटत नाई. मी हे सगळं करून राह्यलो, पन आत काहीच नाई. त्या बाया बाळाशी बोलतात, रडतात. मले ना रडू येत, ना बोलावंसं वाटत. मी बाप नाई काय?"

दिव्यानी सिस्टर दुधाची नळी धरून उभी होती. "बाळाला तुमचं वाटणं कळत नाही. छाती गरम आहे, ठोके लागतात, आणि तुम्ही रोज येता. एवढं तिला पुरतं. वाटायचं तेव्हा वाटेल. नाही वाटलं तर मानसोपचाराचे डॉक्टर आहेत वर, मी घेऊन जाईन. त्यात लाजायचं काही नाही."

तो एकदा वर गेलाही. डॉक्टरांनी विचारलं, त्याने उत्तरं दिली. त्यामुळे फार फरक पडला असं नाही, पण आपल्यासारखे पुष्कळ असतात एवढं त्याला कळलं.

नवव्या दिवशी नागपूरहून गिरजाबाईचा फोन आला. करिष्मा शुद्धीवर आली होती, बोलत होती. "पन तिले लहान्याचं सांगू नको," गिरजाबाई हळू आवाजात म्हणाली. "बीपी अजून चढून राह्यलं. डॉक्टर म्हनतेत धक्का नाई बसला पाहिजे." मग फोन करिष्माकडे गेला.

"लेकरं कसे हाय?" तिचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा होता.

"बरी हाय," नागसेन म्हणाला.

"दूध पेतेत का?"

"हो. नळीनं देतेत. वजन वाढून राह्यलं."

अठरा दिवस तो रोज फोनवर हेच बोलला. बरी हाय. दूध पेते. आज दहा ग्रॅम वाढली. फोन ठेवला की पुन्हा शर्ट काढून बसायचा. आपण खोटं बोलतो आहोत याचंही त्याला वाईट वाटत नव्हतं, आणि वाईट वाटत नाही याची मात्र थोडी भीती वाटायची.

चौथ्या आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर आले. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो, वेळेवर तपासला तर वाचतो, नाहीतर जन्माचं आंधळेपण, असं त्यांनी समजावलं. मुलीचा पडदा ठीक निघाला, पण आणखी दोनदा दाखवायला सांगितलं. नागसेनने दोन्ही तारखा लोंबीच्या पिशवीवर लिहितो तशा बारीक अक्षरात कागदावर लिहून खिशात ठेवल्या.

सत्ताविसाव्या दिवशी करिष्मा आली. गिरजाबाईने तिला धरून आणलं. केस गळलेले, हात काडीसारखे, चालताना भिंतीचा आधार. नागसेन कक्षात खुर्चीवर बसलेला, छातीवर मुलगी. करिष्मा समोरच्या स्टुलावर टेकली आणि बराच वेळ त्या फडक्याकडे पाहत राहिली. दुसऱ्याची पेटी कुठे आहे असं तिने विचारलं नाही. नागसेन तोंड उघडून काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "तो कधी गेला?"

गिरजाबाईने पदर तोंडाला लावला.

"तिसऱ्या दिवशी," नागसेन म्हणाला. "तुले कोनं सांगतलं?"

"तुमीच सांगतलं. रोज. मी विचारू लेकरं कसे हाय, तुमी म्हना बरी हाय. दोघं असते तं बरे हाय म्हनले असते." ती सरळ आवाजात बोलत होती, जशी बाजारातली गोष्ट सांगावी. "पहिल्याच दिवशी समजलं मले. मंग विचारलं नाई. म्हनलं, तुमी एकटे हाय, तुमच्यानं बोलनं होनार नाई."

"घरचं कोनी नोतं, मी अन् गुणवंतराव होतो," नागसेन म्हणाला. "पांढरं कापड होतं. नीट केलं."

"त्याले पाहिलं तुमी? कोनावानी होता?"

"तुयावानी होता. हनुवटी तुयी."

करिष्माने मान हलवली. दिव्यानी सिस्टरने मुलीला फडक्यातून काढून तिच्याकडे दिलं. मुलगी रडू लागली, माकडाच्या पिल्लासारख्या बारीक आवाजात. करिष्माने तिला छातीशी धरलं, पण हात परक्याचं लेकरू धरावं तसे ताठ होते. पाच मिनिटांत तिने मुलीला परत नागसेनकडे दिलं. "तुमाले वळखते पोरगी," ती म्हणाली. "मले नाई वळखत. मीही तिले वळखत नाई."

पुढचे अकरा दिवस दोघं आलटून पालटून बसले. आधी तिचा अर्धा तास, त्याचे तीन. मग तिचा तास. ती बसायची तेव्हा तो शेजारी बसून मुलीच्या पाठीकडे पाहायचा. श्वास थांबला तर कुठे टिचकी मारायची ते त्याने तिला शिकवलं. ती शिकली. पुढे पाच दिवस श्वास एकदाही थांबला नाही तेव्हा त्यांना घरी सोडलं. मुलीचं वजन सोळाशे ऐंशी झालं होतं. नागसेनच्या छातीवर ती चौतीस दिवस होती.

घरी आल्यावर पाहायला बायका आल्या. कुणी म्हणालं, पोरगी वाचली, नशीब. कुणी म्हणालं, पोरगा राहिला असता तर बरं झालं असतं. करिष्मा उठून आत निघून गेली. नागसेनने त्या बाईला पाणी दिलं आणि सांगितलं, "मावशी, डॉक्टरनं गर्दी करू नोका म्हनलं." तीन महिने त्याने दारात उभं राहून असंच सगळ्यांना परत पाठवलं. मुलीचं नाव त्यांनी मैत्रेयी ठेवलं. ती उशिरा बसली, उशिरा उभी राहिली, सोळाव्या महिन्यात चालली. करिष्मा तिच्याशी पहिल्यांदा मोकळेपणाने हसली ती मैत्रेयी नऊ महिन्यांची झाल्यावर. नागसेन तेव्हा घरीच होता. त्याने पाहिलं आणि आपले कामाचे चिमटे पुसत राहिला.

मैत्रेयी चालू लागली त्यानंतरच्या पावसाळ्यात दिव्यानी सिस्टरचा फोन आला. "एक बाप आहे इथे. पोचू नाव, जिवतीच्या पहाडावरचा. बायको तापाने वरच्या वॉर्डात आहे. बाळ तेराशेचं. मी सांगून थकले, शर्ट काढत नाही, बाळाला हात लावत नाही. तुम्ही येता का एखाद्या दिवशी?"

रविवारी नागसेन पॅसेंजरने गेला. पोचू कक्षाबाहेरच्या बाकावर बसला होता. तरुण पोरगा, चेहऱ्यावर कसलीच हालचाल नाही. त्याला मराठी थोडी येत होती. नागसेन त्याच्या शेजारी बसला. मग नागसेनने मोबाईलवर मैत्रेयीचा पेटीतला फोटो काढून त्याच्यापुढे धरला, आणि त्यानंतर ती भिंत धरून उभी असलेला.

"हे तेच?" पोचूने विचारलं.

"तेच."

"माझं मोडलं तर? मागचं बी लहानच होतं. हातात घेतलं अन् गेलं."

"तुया हातानं नाई गेलं," नागसेन म्हणाला. "मायं बी एक गेलं. मी तं त्याले हातही नोता लावला. तरी गेलं."

नागसेनने आपला शर्ट काढला, टॉवेलची गुंडाळी करून छातीवर धरली, मान कशी वळवायची, पाय कसे दुमडायचे, फडकं पाठीवरून कसं घ्यायचं ते दाखवलं. मग दोघं आत गेले. पोचूच्या छातीवर बाळ ठेवलं तेव्हा तो ढसाढसा रडू लागला, बाळ हलायला लागलं एवढा. सिस्टर म्हणाली, "रडू द्या." नागसेन शेजारी उभा राहून पाहत होता. त्याला वाईट वाटलं नाही, आनंदही झाला नाही. फक्त थोडा हेवा वाटला. पुष्कळ दिवसांनी त्याला काही वाटलं ते एवढंच. पोचूचं बाळ महिन्याभराने डोंगरावर घरी गेलं.

नोव्हेंबरात दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दिवस पाळला. जांभळ्या फिती, फुगे, खुर्च्या. सिस्टरने नागसेनला माइकपुढे उभं केलं. तो करिष्मा आणि मैत्रेयीला घेऊन आला होता. समोर पोट आलेल्या बायका, त्यांच्या सासवा, काही नवरे. नागसेनने माइक धरला.

"मायी बायको," तो म्हणाला, "तिचे पाय सुजले होते. तोंड सुजलं होतं. डोकं दुखे तीन दिवस. आमी म्हनलं जुळे हाय, होते. आशाताई म्हने बीपी पाहा. आमी म्हनलं बुधवारी जाऊ. मंगळवारी झटका आला." त्याने समोरच्या बायकांकडे पाहिलं. "कोनाले असं असन तं बुधवारची वाट पाहू नोका. एवढंच सांगायचं होतं."

टाळ्या वाजल्या. खाली उतरताना एका म्हाताऱ्या सासूने त्याचा हात धरला आणि आपल्या सुनेचे पाय दाखवले. सिस्टर त्या सुनेला तिथूनच तपासायला घेऊन गेली.

तेव्हापासून नागसेन महिन्याच्या पहिल्या रविवारी चंद्रपूरला जातो. त्याला कुणी नेमलेलं नाही. कधी करिष्माही येते; ती बायकांशी बोलते, भरपूर बोलते, आता पुन्हा तशी बोलू लागली आहे. डोळे तपासायची तारीख चुकवू नका, बाळाला पहिले महिने गर्दीत नेऊ नका, लोक काय म्हणतात ते ऐकू नका, हे ती सांगते. आपल्याला किती लेकरं असं कुणी विचारलं तर दोन म्हणते. नागसेन बापांजवळ बसतो. बहुतेक वेळा बोलत नाही.

मागच्या महिन्यात राजुऱ्याकडचा अतुल नावाचा एक जण भेटला. खाणीत कामाला. बाळ हजाराचं, सहावा दिवस. त्याने नागसेनची सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, "मंग तुमाले किती दिवसानं बरं वाटलं जी?"

नागसेनने विचार केला. पहिल्या दिवशी होता तसा तो अजूनही कधीकधी आतून सुन्नच असतो. मैत्रेयी हाक मारते तेव्हा कुठेतरी दूर काही हलतं, पण पूर्ण जागं होत नाही. हे सांगावं की नाही ते त्याला ठरवता आलं नाही.

"अजून पूरं नाई वाटत," शेवटी तो म्हणाला. "तरी पोरगी वाढून राह्यली."

मग नागसेनने अतुलला नळ दाखवला, कोपरापर्यंत हात कसे धुवायचे ते सांगितलं, आणि दार ढकलून आत नेलं.